वळिवडेचे पाहुणे, युरोपचे ज्यू आणि दुसऱ्याची जमीन

२१ ऑगस्ट २०२४ ला पंतप्रधानांनी वॉर्सा शहरातल्या 'कोल्हापूर स्मारका'ला अभिवादन केले आणि आमच्या शाहूपुरीत दोन-तीन दिवस पोलंडशिवाय दुसरा विषय नव्हता. पोलंड नकाशावर कुठे आहे हे ज्यांना सांगता येणार नाही, तेही 'आपण गोऱ्यांना आसरा दिला' म्हणून छाती फुगवून फिरत होते. गोष्ट अभिमानाचीच आहे, त्यात वाद नाही. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशियाने पूर्व पोलंड गिळला आणि तिथली लाखो माणसे सायबेरियात नेऊन टाकली. १९४१ मध्ये करार होऊन त्यांची सुटका झाली. उपाशी, आजारी अवस्थेत ती इराणमध्ये उतरली. त्यांपैकी सुमारे पाच हजार माणसे, त्यांत बायका-मुलेच जास्त, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे राहिली. तिथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होते, दवाखाना होता. महावीर उद्यानात त्यांच्या आठवणीचा स्तंभ आजही उभा आहे.

पण आंबेडकरी माणसाला एक सवय असते. गावाचे कौतुक सुरू झाले की तो विचारतो, या गावात वेस कुठे आहे आणि वेशीबाहेर कोण आहे? वळिवडेच्या कौतुकात हा प्रश्न कुणीच विचारला नाही. युद्धापूर्वी पोलंडमध्ये सुमारे तेहतीस लाख ज्यू राहत होते. म्हणजे दर दहा माणसांत एक. त्यांतले तीस लाख नाझींनी मारले. सायबेरियात नेलेल्या पोलिश नागरिकांतही ज्यू होतेच. मग ते सुटल्यावर कुठे गेले?

याचे उत्तर तेहरानमध्ये सापडते. तिथल्या निर्वासित छावणीत पोलंडची आठशेहून अधिक ज्यू मुले होती, त्यांतली पुष्कळशी अनाथ. इतिहासात त्यांना 'तेहरानची मुले' म्हणतात. १९४३ च्या सुरुवातीला त्यांना जहाजाने कराचीला आणले, तिथून सुएझला आणि मग आगगाडीने पॅलेस्टाईनला. त्याच पोलंडची, त्याच सायबेरियातून आलेली, त्याच इराणमध्ये थांबलेली दोन मुले घ्या. कॅथलिक मूल वळिवडेला आले, चार-पाच वर्षे राहिले आणि पुढे इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा परत पोलंडला गेले. ज्यू मूल अशा भूमीत पोचले, जिथे पाच वर्षांनी सुमारे सात लाख पॅलेस्टिनी माणसे घरादाराला मुकणार होती. त्या मुलांपैकी काही जण १९४८ च्या युद्धात मारलेही गेले. त्या मुलांनी काही ठरवले नव्हते. ठरवले होते युरोपने.

ऑक्टोबर २०२३ पासून आमच्या तरुणांच्या मोबाईलमध्ये रोज गाझा आहे. ७ ऑक्टोबरला हमासने सुमारे बाराशे माणसे मारली आणि अडीचशेच्या आसपास ओलीस नेली. त्यानंतर इस्रायलने जे केले त्यात, गाझाच्या आरोग्य खात्याच्या मोजणीनुसार, दोन वर्षांत सदुसष्ट हजारांवर माणसे मेली. आपल्याकडे यावर दोन तट पडले आहेत. एका तटाला इस्रायल हा मुसलमानांना धडा शिकवणारा देश वाटतो. दुसऱ्या तटाला ज्यू म्हणजेच सगळ्या दुःखाचे मूळ वाटते. आमचे म्हणणे असे की दोन्ही तट युरोपकडून उसने आणलेल्या चष्म्यातून पाहतात, आणि तो चष्मा आधी पुसून घेतला पाहिजे.

आता ज्याच्या नावाने हे सगळे सुरू होते त्या बाल्फोरकडे या. २ नोव्हेंबर १९१७ ला ब्रिटनचा परराष्ट्रमंत्री आर्थर बाल्फोर याने पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंसाठी 'राष्ट्रीय घर' उभारण्यास पाठिंबा जाहीर केला. त्याला ज्यूंचा मोठा मित्र समजले जाते. पण हाच बाल्फोर १९०५ मध्ये पंतप्रधान असताना त्याच्या सरकारने परकीयांविषयीचा कायदा केला. रशियन साम्राज्यातल्या दंगलींतून जीव वाचवून लंडनकडे धावणाऱ्या गरीब ज्यूंना अडवणे हा त्याचा मुख्य हेतू होता. म्हणजे ज्यूला घर हवे, पण आमच्या आळीत नको. ते तिकडे, लांब, अरबांच्या अंगणात. आमच्या वाचकांना ही भाषा नवी वाटणार नाही. 'तुमच्या लोकांसाठी आम्ही वेगळे सभागृह बांधून देतो ना' असे म्हणणारे सरपंच आम्ही खूप पाहिले आहेत.

त्या घोषणेला ब्रिटिश मंत्रिमंडळात कडाडून विरोध कुणी केला? एडविन माँटेग्यू यांनी. त्या मंत्रिमंडळातले ते एकमेव ज्यू. माँटेग्यू हे नाव आपल्याला माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांमुळे माहीत आहे. ते भारतमंत्री होते. त्याच सुधारणांच्या निमित्ताने नेमलेल्या साउथबरो समितीपुढे जानेवारी १९१९ मध्ये बाबासाहेबांनी साक्ष दिली आणि अस्पृश्यांच्या स्वतंत्र प्रतिनिधित्वाचा प्रश्न मांडला. या माँटेग्यूंनी ऑगस्ट १९१७ मध्ये सहकाऱ्यांना लेखी कळवले की हे धोरणच ज्यूद्वेष्टे आहे. त्यांची भीती सरळ होती. एकदा ज्यूंचे घर पॅलेस्टाईन ठरले की प्रत्येक देशातला ज्यू उपरा ठरेल, आणि पॅलेस्टाईनमध्ये आधी राहणारेही आपल्याच घरात उपरे होतील. दोन्ही गोष्टी घडल्या. या माणसाचा उल्लेख आमच्या पाठ्यपुस्तकात एका ओळीत येतो आणि तीही फक्त सुधारणांपुरती, याचे आम्हाला नेहमी वाईट वाटते.

जुलै १९३८ मध्ये फ्रान्समधल्या एव्हियाँ गावी बत्तीस देश जमले. हिटलरच्या तावडीतून पळू पाहणाऱ्या ज्यूंना कुणी किती घ्यायचे हा विषय होता. सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. डॉमिनिकन रिपब्लिकसारख्या लहान देशाचा अपवाद सोडला तर मोठ्या संख्येने कुणीच घ्यायला तयार झाले नाही. हिटलरने मारले हे सगळे सांगतात. बाकीच्यांनी दार लावून घेतले होते हे कमी सांगतात.

युद्ध संपल्यावर तरी? ४ जुलै १९४६ ला पोलंडच्या किएल्त्से शहरात, छळछावण्यांतून वाचून परत आलेल्या ज्यूंवर जमावाने हल्ला केला आणि बेचाळीस माणसे मारली. निमित्त काय, तर ज्यूंनी आपल्याला तळघरात डांबले असे एका लहान मुलाने सांगितले. त्या इमारतीला तळघरच नव्हते. अफवेला तळघर लागत नाही, हे अत्याचारग्रस्त गावांत चौकशीला जाणाऱ्या आमच्या कार्यकर्त्यांना वेगळे सांगायला नको. पोलिस आणि सैनिकही त्या जमावात होते. त्यानंतर वाचलेल्या ज्यूंनी पोलंड सोडण्याचा लोंढाच लागला. आणि सोळा महिन्यांनी, २९ नोव्हेंबर १९४७ ला, संयुक्त राष्ट्रांत पॅलेस्टाईनच्या फाळणीचा ठराव आला तेव्हा पोलंडने बाजूने मत दिले. फ्रान्सने दिले, रशियाने दिले. ब्रिटन तटस्थ राहिले. भारताने विरोधात मत दिले. त्या वेळी वळिवडेचे पोलिश लोक सामान बांधत होते आणि त्यांच्या मोकळ्या होणाऱ्या बराकींत सिंधमधून आलेले निर्वासित येणार होते. आजचे गांधीनगर ते हेच.

इथे एक अडचणीची गोष्ट आहे आणि आम्ही ती टाळणार नाही. 'छळणाऱ्याच्या गावात राहायचेच नाही, आपले वेगळे गाव वसवायचे' ही भावना आपल्याला परकी नाही. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेत स्वतंत्र वसाहतींचा ठराव झाला होता. बाबासाहेबांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये वसाहत आयोगाची मागणी लिहून ठेवली. जोवर अस्पृश्य हिंदूंच्या गावाच्या कडेला, त्यांच्याच शेतावर मजूर म्हणून जगतो तोवर त्याची सुटका नाही, हा त्यामागचा विचार. म्हणून एखादा ज्यू जेव्हा म्हणतो की आम्हाला आमचा देश हवा, तेव्हा त्याला हसण्याचा अधिकार आपल्याला तरी नाही. ती जखम आपण ओळखतो.

पण फरक जमिनीचा आहे. बाबासाहेबांनी मागितली ती सरकारच्या ताब्यातली, वहितीखाली नसलेली पडीक जमीन, आणि खाजगी जमीन लागलीच तर ती विकत घेऊन. कुणाच्या विहिरीवरून, कुणाच्या झाडाखालून त्याला हाकलून नव्हे. शिवाय मागणी ज्याने अन्याय केला त्याच देशाकडे, त्याच राज्यघटनेत होती. युरोपचा हिशेब उलटा. कर्ज जर्मनीचे, पोलंडचे, रशियाचे, ब्रिटनचे, आणि जप्ती आली यापाच्या नि हैफाच्या घरांवर.

गांधींनी २६ नोव्हेंबर १९३८ च्या 'हरिजन'मध्ये यावर लेख लिहिला होता. त्यांनी ज्यूंना ख्रिस्ती जगाचे अस्पृश्य म्हटले आणि पॅलेस्टाईन अरबांचे आहे असेही स्पष्ट म्हटले. दोन्ही निरीक्षणे बरोबर. उपाय मात्र काय? जर्मनीतल्या ज्यूंनी सत्याग्रह करावा. मार्टिन बूबर या ज्यू तत्त्वज्ञाने १९३९ मध्ये त्यांना सविस्तर पत्र लिहून उत्तर दिले. आम्हाला त्यात नवल वाटत नाही. पीडिताने सोसून पीडकाचे हृदय बदलावे हा सल्ला आपल्याला पुणे कराराच्या आधीपासून मिळतो आहे. याउलट बाबासाहेबांनी महायुद्धाच्या काळातच नाझींचा ज्यूद्वेष आणि सनातन्यांची अस्पृश्यता यांत विचाराच्या वा परिणामाच्या दृष्टीने काही फरक नाही, असे जगाला सांगितले होते. त्यांना हृदय बदलायचे नव्हते, व्यवस्था बदलायची होती.

जाता जाता एक गोष्ट. कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांचे गुरू प्रा. एडविन सेलिग्मन. त्यांचे वडील जोसेफ सेलिग्मन हे न्यूयॉर्कचे मोठे पेढीवाले. १८७७ मध्ये साराटोगा इथल्या एका बड्या हॉटेलने, ज्यू असल्याच्या कारणावरून, त्यांना खोली नाकारली. १९१७ मध्ये सेलिग्मनांच्या या शिष्याला बडोद्यात पारशी वसतिगृहातून लाठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले. दोन्ही वेळी माणसाकडे विद्या किंवा पैसा होता आणि दोन्ही वेळी त्याचा उपयोग झाला नाही.

आता आमच्या शाहूपुरीतली गोष्ट. आमच्या रविवारच्या वाचनवर्गाला येणाऱ्या एका मुलाने गेल्या वर्षी हिटलरचा फोटो स्टेटसला ठेवला. खाली मजकूर असा की त्याने काम अर्धवट ठेवले. मुलगा चांगला, वाचणारा, गाझातल्या लहान मुलांचे व्हिडिओ बघून रात्र-रात्र न झोपणारा. आम्ही विचारले तर म्हणाला, "दादा, बघा की कशी पोरं मारायलेत. त्यो बरोबरच हुता." आम्ही त्याला रागावलो नाही. शहरातल्या पुस्तकांच्या दुकानांत हिटलरचे आत्मचरित्र मराठीत सहज मिळते आणि व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांशेजारी मांडलेले असते. दोष एकट्या पोराचा कसा म्हणायचा? आम्ही त्याच्यापुढे फक्त दोन माणसांची नावे ठेवली.

पहिले गोळवलकर. १९३९ च्या 'वुई ऑर अवर नेशनहूड डिफाइन्ड' या पुस्तकात त्यांनी जर्मनीने ज्यूंना काढून टाकले याचा वंशाभिमानाचा नमुना म्हणून गौरव केला आणि हिंदुस्थानने त्यातून धडा घ्यावा असे म्हटले. दुसरे सावरकर. १९२३ च्या 'हिंदुत्व'मध्ये त्यांनी ज्यू राष्ट्राचे स्वप्न खरे व्हावे म्हटले, १९३८ च्या भाषणांत जर्मनीच्या ज्यूविरोधी धोरणाचे समर्थन केले आणि डिसेंबर १९४७ मध्ये पुन्हा ज्यू राष्ट्राचे स्वागत केले. वरवर हे विसंगत दिसते. तसे ते नाही. शेजारी राहणारा ज्यू नको आणि अरबांच्या छातीवर बसलेला ज्यू हवा, हे बाल्फोरचेच सूत्र आहे. आता तू कुणाचा फोटो लावलास ते बघ, एवढेच आम्ही त्या मुलाला म्हणालो. त्याने स्टेटस काढले. नंतर महिनाभर आमच्याशी नीट बोलला नाही, तेही सांगितले पाहिजे.

हेच सूत्र आजच्या युरोपात उघड चालू आहे. फ्रान्समध्ये ज्यां-मारी ल पेन याने १९८७ मध्ये गॅस चेंबर हा इतिहासातला एक तपशील आहे असे म्हटले होते. त्याच्याच पक्षाची आजची नेता, त्याची मुलगी मरीन, १२ नोव्हेंबर २०२३ ला पॅरिसमध्ये ज्यूद्वेषाविरुद्धच्या मोर्चात चालली. हंगेरीत २०१७ मध्ये ऑर्बान सरकारने जॉर्ज सोरोस या ज्यू उद्योगपतीचे फोटो भिंतोभिंती लावून विखारी मोहीम चालवली, आणि त्याच जुलैमध्ये नेतान्याहू बुडापेस्टला पाहुणचार घेऊन आले. यांना ज्यू आवडू लागला असे समजायचे का? यांना मुसलमान नको आहे, म्हणून इस्रायल हवा आहे. आपल्याकडे बाबासाहेबांच्या पुतळ्याला १४ एप्रिलला हार घालणारा घरमालक जूनमध्ये आडनाव ऐकून 'खोली कालच गेली' म्हणतो. विद्यार्थ्यांना खोल्या शोधून देताना हा अनुभव आम्हाला दरवर्षी येतो. पुतळ्यावर प्रेम सोपे असते, भाडेकरूवर अवघड.

पण युरोपचा डावा हात स्वच्छ आहे असेही नाही. १९६८ मध्ये पोलंडच्या कम्युनिस्ट सरकारने 'झायोनिझमविरोध' हे नाव देऊन आपल्याच देशातल्या उरल्यासुरल्या ज्यूंना नोकऱ्यांतून, विद्यापीठांतून काढले. तेरा हजारांवर माणसांना देश सोडावा लागला. जानेवारी २०१५ मध्ये पॅरिसच्या ज्यू दुकानात चार गिऱ्हाईक-कामगार मारले गेले. ते कुठल्या बॉम्बहल्ल्याला जबाबदार होते? त्याच दुकानात लासाना बाथिली या मालीहून आलेल्या मुसलमान कामगाराने लोकांना तळघरात लपवून वाचवले. आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये जर्मनीतल्या हाले गावी बंदूकधाऱ्याला सिनेगॉगचे दार फोडता आले नाही, तेव्हा त्याने रस्त्यावरच्या एका बाईला मारले आणि मग कबाबच्या दुकानात जाऊन एकाला मारले. ज्यूवर रोखलेली बंदूक दार बंद असले की कबाबवाल्याकडे वळते. १४ जुलै २०२४ ला विशाळगडाच्या अतिक्रमणाचे निमित्त करून जमाव गजापूरच्या मुसलमानांच्या घरांत आणि मशिदीत घुसला. त्या घरांचा गडावरच्या बांधकामांशी काय संबंध होता?

जर्मनीचे प्रकरण सगळ्यात गुंतागुंतीचे. मार्च २००८ मध्ये अँगेला मर्केल यांनी इस्रायलच्या संसदेत सांगितले की इस्रायलची सुरक्षा ही जर्मन राज्याच्या अस्तित्वाचीच बाब आहे. पश्चात्ताप खरा असेल, आम्ही शंका घेत नाही. जर्मनीने शाळेत आपला गुन्हा शिकवला, भरपाई दिली. खैरलांजी, खर्डा आपल्या कुठल्या शाळेत शिकवतात? पण त्या पश्चात्तापाचे पुढे काय झाले पाहा. अमेरिकेखालोखाल इस्रायलला शस्त्रे पुरवणारा देश जर्मनीच. बर्लिनमध्ये युद्धाविरुद्ध फलक घेऊन उभ्या राहिलेल्या ज्यू कार्यकर्त्यांनाही पोलिसांनी उचलले. ज्यूने कसे वागावे हे पुन्हा जर्मन पोलिसच ठरवणार! स्पेन, आयर्लंड, नॉर्वे यांनी मे २०२४ मध्ये, तर ब्रिटन आणि फ्रान्सने सप्टेंबर २०२५ मध्ये पॅलेस्टाईनला राष्ट्र म्हणून मान्यता दिली. बाल्फोरच्या देशाला त्यासाठी एकशे आठ वर्षे लागली.

राहिला आपला महाराष्ट्र. 'आमच्याकडे ज्यूंचा कधी छळ झाला नाही' हे वाक्य वळिवडेच्या निमित्तानेही बरेच ऐकू आले. खरे आहे. कोकणात बेने इस्रायल शतकानुशतके सुखाने राहिले, मराठी बोलले, तेल गाळले, शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून 'शनवार तेली' झाले. पण नीट बघा, त्यांना छळले नाही कारण त्यांना जात मिळाली. एवढेच नाही, त्यांच्यातही 'गोरे इस्रायल' आणि 'काळे इस्रायल' असे भेद पडले आणि त्यांच्यात बेटीव्यवहार होत नसे. ज्या गावाने परधर्मीयाला तेली म्हणून सामावले त्याच गावाने आमच्या आजा-पणजाला वेशीबाहेर ठेवले. आणि हेच बेने इस्रायल पुढे इस्रायलला गेले तेव्हा? तिथल्या गोऱ्या युरोपीय ज्यूंच्या राज्यात त्यांना दुय्यम वागणूक मिळाली. १९५२ मध्ये काही जण आंदोलन करून भारतात परत आले. साठच्या दशकात तिथल्या धर्मपीठाने लग्नाच्या बाबतीत त्यांच्या ज्यू असण्याचीच पिढ्यान्‌पिढ्यांची चौकशी मागितली. त्याविरुद्ध हे मराठी लोक रस्त्यावर उतरले आणि १९६४ मध्ये त्यांनी सरकारला नमवले. युरोपने ज्याला वंशावळ विचारली होती, तोच आता कोकणच्या माणसाला वंशावळ विचारत होता.

"मग दादा, आपण कुणाच्या बाजूनं?" हा प्रश्न वर्गात दर वेळी येतो. आम्ही वेस्ट बँकेचे उदाहरण देतो. एकाच टेकडीवर वर ज्यू वसाहत आहे आणि खाली पॅलेस्टिनी गाव. वरचा माणूस इस्रायलच्या संसदेसाठी मत देतो, खालचा देऊ शकत नाही. वरच्याने गुन्हा केला तर नागरी न्यायालय, खालच्याने केला तर लष्करी. वरच्याला रस्ता मोकळा, खालच्याला चौकी. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत एक व्यक्ती, एक मूल्य याबद्दल जे बजावले, ते या टेकडीला लावून पाहा म्हणतो. आणि मग तेच मूल्य पॅरिसच्या त्या दुकानातल्या ज्यू गिऱ्हाइकालाही लावायला सांगतो. दुसऱ्या वेळी वर्ग थोडा गप्प होतो. पुढच्या रविवारी माँटेग्यूंचे ते १९१७ चे टिपण मराठीत करून वाचायला घेतले आहे. भाषांतराचे काम त्या स्टेटसवाल्या मुलाने मागून घेतले.